आप्पांचं पोस्ट आणि शून्य टक्क्यांची रांग

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या आप्पांच्या पैशांवरून जुंपली आहे. आप्पा ७९ वर्षांचे, ठाण्यात राहतात. २०२३ मध्ये त्यांनी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी पैसे ठेवले आणि विषय संपवला. चुलतभाऊ म्हणतो, "काका, सरकारी कागद हे भित्र्यांचं काम. हे पैसे कुजवणं झालं. महागाई खाईल." त्यावर आप्पा फक्त हात जोडल्याचं चित्र टाकतात. मग दोघंही मला विचारतात. मी न्यू जर्सीत राहतो, म्हणजे मला पैशातलं कळत असणार!

कळत नाही, पण एक गोष्ट जवळून पाहिली आहे. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँकेनं दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा मी जर्सी सिटीत नोकरीला होतो. दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी या मनी मार्केट फंडाच्या एक डॉलरच्या युनिटची किंमत ९७ सेंट झाली. असे मनी मार्केट फंड इथल्या लोकांच्या लेखी जवळजवळ बचत खातंच; त्यात मुद्दल घटेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. एरवी ट्रेझरी बिलांची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या थोड्या मुदतीच्या कर्जाच्या कागदांची, थट्टा करणारा माझा शेजारच्या टेबलवरचा सहकारी त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सरकारी संकेतस्थळावर खातं उघडत बसला होता. डिसेंबरात तर अमेरिकी सरकारनं चार आठवड्यांची बिलं शून्य टक्क्यानं विकली. बाजारात तीन महिन्यांच्या बिलांचा परतावा काही काळ शून्याच्याही खाली गेला. तरी घेणाऱ्यांची रांग! हे आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "व्याजच नाही? मग आमचं पोस्ट काय वाईट आहे रे?"

गंमत अशी की आग लागली अमेरिकेतल्या घरकर्जांना, आणि जगभरचा पैसा आसऱ्याला पळाला तोही अमेरिकेच्याच सरकारकडे. झळ आपल्याला बसली. जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात साडेआठ हजारांवर आला, चाळिशीच्या आसपासचा डॉलर वर्षअखेरीपर्यंत पन्नाशीला टेकला. मी तेव्हा घरी पैसे पाठवत होतो, मला जास्त रुपये मिळाले. हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतं.

म्हणून सरकारी कागद हे भित्र्यांचं काम, हे चुलतभावाचं म्हणणं मला पटत नाही. वेळ आली की धाडसी म्हणवणारे आधी तिकडेच धावतात. पण आप्पांच्या पिढीचीही एक गल्लत आहे. पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून उरलेले पैसे सहकारी बँकेत, आणि तेही पोस्टाइतक्याच निर्धास्तपणे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत हजार रुपयेच काढायची मुभा होती. बँक बुडाल्यास मिळणारा ठेव विमाही तेव्हा एक लाखाचाच. पाच लाख झाला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. पासबुक दोन्हीकडे मिळतं, शिक्का दोन्हीकडे बसतो. हमी कुणाची, हे मात्र कुणी विचारत नाही.

सरकारी कागदही सोवळा नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली ती लांब मुदतीचे सरकारी आणि सरकारी हमीचे रोखे बाळगून. व्याजदर चढले, म्हणून जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांचे भाव पडले, आणि ठेवीदार दारात आल्यावर तोट्यात विकायची पाळी आली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काच्या गोंधळात शेअर्सबरोबर ट्रेझरी रोखेही पडले, तेव्हा पहिल्यांदा माझ्याही पोटात गोळा आला.

आप्पांच्या योजनेला बाजारभावच नाही, त्यामुळे रोज भाव बघून जीव खाली-वर होण्याचा प्रश्न नाही. सहकारी बँकेतल्या पैशांबद्दल मात्र मी ग्रुपवर लिहिलं, की रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या संकेतस्थळावर २०२१ पासून ९१ दिवसांची सरकारी बिलं सामान्य माणसालाही घेता येतात, चुलतभावानं खातं उघडून द्यावं. आप्पांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. रात्री फोन आला.

"त्याचं पासबुक मिळतं का रे?"