‘नळ देणे हे नगरसेवकाचे कामच, त्यात समाजसेवा कसली?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मुंबईतल्या समाजवादी नेत्या मृणालताई गोरे यांच्या नगरसेवकपदाच्या काळावर मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. “अहो बाई, झोपडपट्टीत नळ देणे हे नगरसेवकाचे कामच असते, त्यात समाजसेवा कसली? भक्तीचा चष्मा उतरवा आणि जरा इतिहास वाचा,” असे आपण लिहिले आहे. त्यापुढे ताईंचे सुखवस्तू घर, महापालिकेतून विधानसभेत जाणे आणि मोर्चांचे राजकारण यांवरही आपण एकेक शेरा मारला आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु जिच्याशी आपली ओळखदेख नाही, अशा स्त्रीला ‘अहो बाई’ म्हणून तिचे वाचन काढणे ही चर्चेची रीत नव्हे, आणि याच स्वरात आपण एखाद्या पुरुष लेखकाला लिहिले असते, असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मान्य करते. सामान्यांना परवडणारी घरे मिळवून देणाऱ्या नागरी निवारा परिषदेच्या कामात बाबूराव सामंत यांचा वाटा फार मोठा होता आणि माझ्या लेखात त्यांना एकच ओळ मिळाली. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

आता ‘कामच असते’ या वाक्याविषयी. गोरेगाव १९५७ साली बृहन्मुंबईत आले. त्याआधी तेथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताई तिच्या सदस्य होत्या. १९६१ साली त्या महापालिकेत निवडून गेल्या, तेव्हा उपनगरांत वस्त्या झपाट्याने वाढत होत्या, आणि अनधिकृत वस्तीला पाणी दिले की ती कायमची होते, अशी प्रशासनाची धारणा होती. ज्या कामाला नियमाचा आधार असतो, ते निमूटपणे करणाऱ्याला आपण कर्तव्यदक्ष म्हणू. येथे तर नियमच आडवा येत होता. ज्यांचे घरच पालिकेच्या लेखी नव्हते, त्या बायकांना सोबत घेऊन पालिकेच्या दारात उभे राहणे आणि पाण्याला माणुसकीचा प्रश्न म्हणून सभागृहात मांडत राहणे, हे कोणत्या सेवानियमात लिहिले होते, ते आपणच सांगावे.

हा प्रश्न ताईंच्या काळाबरोबर संपला, असेही नाही. १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी देऊ नये, असे राज्य सरकारचे परिपत्रक १९९६ साली निघाले. झोपडी बेकायदा असली तरी तीत राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये, घटनेच्या एकविसाव्या कलमाचा आधार घेऊन, महापालिकेला सांगावे लागले. जे ‘कामच’ होते, त्यासाठी अर्ध्या शतकानंतरही न्यायालयाची पायरी का चढावी लागली? इतिहास वाचण्याचा सल्ला देणाऱ्याने निदान एवढा तरी वाचलेला असावा.

मी स्वतः गोरेगावात, सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्या घरात वाढले. पहाटे नळाला पाणी येण्याआधी नंबर लावलेले असत. कोणाची कळशी, कोणाचे फुटके घमेले, तर ज्या घरात जास्तीचे भांडे नसे त्यांची नुसती वीट. ती वीट कोणी सरकवली की भांडण ठरलेले. शेजारच्या एका नगरसेवकाकडे माझी आई इतर बायकांबरोबर गेली होती, तेव्हा ‘अर्ज ठेवून जा’ एवढेच उत्तर मिळाले. मृणालताई मात्र स्वतः रांगेपाशी येऊन उभ्या राहत आणि पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, हे बायकांनाच विचारीत. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना अशा बायकांनी दिले. आपण कधी पाण्यासाठी वीट ठेवली नसावी. ठेवली असती, तर हे वाक्य आपल्या हातून लिहिले गेले नसते.

सुखवस्तू घराविषयी फार लिहावेसे वाटत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडले. पती केशव गोरे १९५८ साली गेले, मुलगी लहान होती, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी त्या महापालिकेत गेल्या. यात सुख कोठे दिसले, ते आपल्यालाच ठाऊक.

१९७२ साली त्या विधानसभेत गेल्या, १९७७ साली लोकसभेत, आणि दोन्ही वेळा लोकांनी मते देऊनच त्यांना पाठविले. महागाईविरुद्ध कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकरांबरोबर त्यांनी थाळी-लाटणे घेतलेल्या ज्या बायकांना रस्त्यावर आणले, त्यांत माझी आईही होती. ‘मोर्चांचे राजकारण’ या शेऱ्याला माझ्याकडे याहून वेगळे उत्तर नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुढे लिहायचे असेल, तर ‘अहो बाई’ वगळून आणि १९६१ ते १९७२ या काळातल्या गोरेगावाविषयी काही ठोस माहिती घेऊन लिहावे.