लोक कमी राबतात म्हणून देश गरीब? एक खुलासा

'विकसनशील देश मागे आहेत, कारण तिथले लोक कमी राबतात' असा मजकूर सध्या फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. गरीब देशांतली माणसं श्रीमंत देशांतल्यांपेक्षा आठवड्याला जास्तच तास काम करतात. फरक पडतो तो उत्पादकतेत, आणि ती मोजतात तासाला किती उत्पादन निघतं यावर. वीज गेली की शिलाई मशीन थांबते, यात कारागिराचा काय दोष? यंत्रं, रस्ते, शिक्षण, आरोग्य यांचा वाटा मोठा आहेच. व्यवस्थापनाकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. भारतातल्या कापड कारखान्यांमधला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. सुताच्या साठ्याची नीट नोंद, मशीनची वेळेवर देखभाल, कापडातल्या दोषांची रोज तपासणी, एवढ्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. कष्टकऱ्यांना आळशी ठरवणारा तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.