कोचचा पगार कोण देतं?

महाराष्ट्रात खेळावरून वाद पेटला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अमेरिकेत बघा!" मग घरातला अमेरिकेतला मेव्हणा साक्षीला उभा केला जातो. आमच्या घरात तो मेव्हणा मी. राहायला मिशिगनमध्ये, मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावाजवळ, त्यामुळे कॉलेजचा खेळ इथे काय थराला जातो ते रोज दिसतं. रोज दिसतं म्हणूनच साक्ष द्यायला जरा कचरतो.

वाद तसे ठरलेले असतात. दहावी-बारावीच्या निकालाच्या सुमारास खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांवरून: अभ्यास करणाऱ्या मुलांवर अन्याय, की घाम गाळणाऱ्यांचा हक्क? भरती निघाली की सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणावरून, आणि त्याच्या पाठोपाठ बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवरून. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, राज्य सरकारने १ कोटी जाहीर केले, आणि लगेच हरियाणा कांस्याला अडीच कोटी देतं, मग आपण का नाही, यावर जुंपली. मेव्हण्याने यात काय बोलायचं? सगळी भांडणं खेळाडूच्या पदरात काय पडलं याची. शिकवणारा माणूस त्यात कुठेच नाही. स्वप्नीलच्या कोच दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला खेळलेल्या. पदकाच्या त्या आठवड्यात त्यांचं नाव किती घरांत निघालं असेल?

इथे "अमेरिकेत बघा" म्हणायचंच असेल तर मी ज्याच्याकडे बोट दाखवेन तो माणूस जन्माने अमेरिकन नाही. आइस हॉकीचा खेळाडू आणि पुढे कोच गॉर्डन बेरेन्सन, केसांच्या रंगामुळे सगळ्यांचा 'रेड'. जन्म १९३९चा, वाढला कॅनडातल्या रिजायनात. तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे आइस हॉकीच्या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, संघ सहाच. तिथे पोचायची वाट कॅनडातल्या ज्युनियर संघांतून जायची आणि त्या संघांच्या नाड्या मोठ्या क्लबांच्या हाती. पोरगा सोळा-सतराचा झाला, हातात चमक दिसली, की शाळेला रामराम. बेरेन्सनवर मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या एनएचएल संघाचा हक्क होता. अमेरिकन कॉलेजात गेलेला मुलगा पुढे एनएचएलच्या कामाचा राहत नाही, असा तेव्हाचा पक्का समज. बेरेन्सन तरीही मिशिगन विद्यापीठात शिकायला आला.

शेवटच्या वर्षात त्याने ४३ गोल मारले. मार्च १९६२ मध्ये कॉलेजची शेवटची मॅच खेळला आणि दुसऱ्याच दिवशी बॉस्टनला मॉन्ट्रियलची जर्सी घालून बर्फावर उतरला. एनएचएलमध्ये खेळता खेळता १९६६ मध्ये त्याच विद्यापीठातून एमबीएही केलं. आपल्याकडे आईबाप 'आधी डिग्री, मग काय खेळायचं ते खेळ' म्हणतात; याने दोन्ही एकदम केलं, आणि तेही लीगच्या मनाविरुद्ध.

पुढे तो सेंट लुइस या एनएचएल संघाकडून खेळला. ७ नोव्हेंबर १९६८ ला फिलाडेल्फियात, म्हणजे समोरच्याच्या घरात, एकट्याने सहा गोल ठोकले. मॅच ८-० अशी संपली. परक्या रिंकवर एका मॅचमध्ये सहा गोल त्यानंतर एनएचएलमध्ये कुणाला जमलेले नाहीत. खूश होऊन मालकांनी त्याला एक स्टेशन वॅगन दिली, टपावर होडी बांधून! दुसऱ्या संघाचे मालक काय देतात, असं कुणी विचारलं असेलसं वाटत नाही.

खेळणं थांबलं आणि ते कोच झाले (इथून पुढे अहोजाहो). सेंट लुइसमध्येच १९८१ मध्ये त्यांना एनएचएलचा वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून ॲडम्स पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच हंगामात त्यांना काढूनही टाकलं. व्यावसायिक खेळात कोचची खुर्ची अशीच. १९८४ मध्ये ते मिशिगनला परत आले. तोवर तिथल्या हॉकीची रया गेली होती. शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ चं. बेरेन्सन आले म्हणून जादू झाली नाही. पहिल्या वर्षी संघ जिंकला त्याच्या दुप्पट हरला. दुसरं वर्ष तसंच, तिसरंही तसंच.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग ही तीन वर्षं. कारण त्या तीन वर्षांत विद्यापीठाने त्यांना हात लावला नाही. चौथ्या वर्षी हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं. १९९१ पासून सलग २२ वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरत राहिला, १९९६ आणि १९९८ मध्ये जिंकला, दोन्ही फायनल ३-२ ने आणि जादा वेळेत. २०१० च्या डिसेंबरमध्ये त्यांचा संघ फुटबॉलच्या स्टेडियमात उघड्यावर खेळला तेव्हा लाखाहून जास्त माणसं थंडीत कुडकुडत बघत होती. कॉलेजची मॅच! ३३ वर्षं आणि ८४८ विजयांनंतर २०१७ मध्ये ते निवृत्त झाले, वय ७७.

विजय मोजायला सोपे असतात. मला भावतो तो १९९७ चा संघ, जो जिंकला नाही. आदल्या वर्षीच्या फायनलमध्ये निर्णायक गोल मारणारा ब्रेंडन मॉरिसन तेव्हाच एनएचएलमध्ये जाऊ शकला असता. तो चौथं वर्ष पुरं करायला थांबला. त्याच्याबरोबर जेसन बॉटरिल, जॉन मॅडनसारखे बरेच जण थांबले. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार मॉरिसनला मिळाला, पण उपांत्य फेरीत बॉस्टन विद्यापीठाने हरवलं. बॉटरिलने पुढे याच विद्यापीठातून एमबीए केलं आणि एनएचएल संघाचा जनरल मॅनेजर झाला. मुलांना असं थांबवणं पोस्टर लावून होत नाही. 'वर्गात बस' म्हणणारा माणूस स्वतः वर्गात बसून एनएचएलला गेलेला असावा लागतो, आणि यंदा हरलो तरी पुढच्या वर्षी आपण इथेच आहोत याची त्याला खात्री असावी लागते. त्यातली पहिली गोष्ट बेरेन्सननी आणली, दुसरी विद्यापीठाने पुरवली.

आता मेव्हण्याच्या साक्षीची दुसरी बाजू. आपल्याकडे समज असा की अमेरिकेत खेळलं की शिक्षण फुकट. पुरुषांच्या हॉकीत २०२५ पर्यंत एका संघाला जास्तीत जास्त १८ पूर्ण शिष्यवृत्त्या मिळायच्या आणि त्या पंचवीसेक मुलांत वाटल्या जायच्या. कुणाला पूर्ण, कुणाला अर्धी, कुणाला नुसती जर्सी. तिथवर पोचायलाही आईबापांचा खिसा खोल लागतो. स्केट्स, पॅड, हेल्मेट, दर आठवड्याचं बर्फाचं भाडं, दुसऱ्या राज्यात स्पर्धा. वर्षाचे काही हजार डॉलर सहज जातात. पहाटे रिंकवर गेलात तर पार्किंगमध्ये काचा घासत उभे राहिलेले पालक दिसतात, हातात कॉफी, मागच्या सीटवर मुलाहून मोठी बॅग. आमच्या मराठी मंडळींची मुलं टेनिस, पोहणं, फार तर सॉकरपर्यंत जातात. हॉकीच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. गरीब घरातून अंगच्या जोरावर वर येणं आपल्या तालमीत अजून शक्य आहे, इथल्या रिंकवर ते फार अवघड आहे. तेव्हा त्या बाबतीत "अमेरिकेत बघा" नको.

कोचच्या हाती एवढी सत्ता देण्याचा धोकाही ॲन आर्बरने पाहिला आहे. बेरेन्सननंतर त्यांचे जुने सहायक मेल पिअर्सन कोच झाले. संघातल्या वातावरणाबद्दल चौकशी बसली, अहवाल प्रतिकूल आला आणि २०२२ मध्ये विद्यापीठाने त्यांना दूर केलं. शिवाय इथे अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर हा कुठल्या तरी सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. हे डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण नाही, असं इथले प्राध्यापकही म्हणतात आणि मला ते पटतं.

पण आपण दुसऱ्या टोकाला आहोत. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले म्हणून. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. सांगावीच. मात्र तीत कॉलेजची व्यवस्था कुठे दिसत नाही, एका माणसाचं काळीज दिसतं. रमाकांत आचरेकर सरांचं तेच. नोकरी स्टेट बँकेत, शिकवणं शिवाजी पार्कवर. त्यांच्या हाताखालून काय काय निघालं ते जगाने पाहिलं, पण ते निघालं बँकेच्या पगारावर. आजही रेल्वे, पोलीस, बँक, लष्कर यांच्या नोकरीवर कोचचं घर चालतं आणि उरलेल्या वेळात तो मुलं घडवतो. सरकारी शाळेत खेळ शिकवायला अंशकालीन निदेशक नेमले, तेही मानधनावर. पुढच्या वर्षी आपण असू की नाही याची त्यांना शाश्वती नाही. आणि दहावीला पीटीचा तास गणिताच्या बाईंनी मागून घ्यायचा, ही तर रीतच!

म्हणून क्रीडा गुणांवर माझं मत विचारलं की मी म्हणतो, द्या २५ गुण, माझी हरकत नाही. पण ते प्रमाणपत्र खरं की खोटं हे ठरवायला त्या मुलाला चार वर्षं रोज मैदानावर पाहिलेला, पूर्ण पगारी माणूस तालुक्यात हवा. बोगस कागद फोफावतात ते मुलाला ओळखणारा कुणी नसतो म्हणून. अडीच कोटींच्या बक्षिसाचंही तसंच. ते पदक मिळाल्यावर एकाला मिळणार. तेवढ्या पैशात किती तालुका क्रीडा संकुलांवर वर्षभर मार्गदर्शक ठेवता येतील, हा हिशेब विधानसभेत कुणी मांडलेला माझ्या तरी ऐकण्यात नाही. संकुलाची फीत कापतानाचे फोटो मात्र भावजी आवर्जून पाठवतात.

भावजींना हे पटत नाही. "तुमच्याकडे पैसा आहे, तुम्हाला बोलायला काय जातं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते अगदीच चूक नाही. पैसा इथे आता वेगळ्याच रीतीने आला आहे. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली. २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. त्याच वर्षी कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना कॉलेज हॉकीचं दार उघडलं, जे इतकी वर्षं बंद होतं. बेरेन्सनच्या काळी रिजायनाच्या पोराला शाळा आणि लीग यांत एकच निवड, असं सांगितलं जायचं. आजच्या पोराला दोन्ही मिळतात, वर चेकही. पिअर्सननंतर कोच झालेला ब्रँडन नॉराटो बेरेन्सनच्याच हाताखाली खेळलेला. पैसे मिळतात म्हणून त्याच्याकडे येणारा, एका हंगामात निघून जायच्या तयारीतला एकोणीस वर्षांचा मुलगा सोमवारी सकाळी अर्थशास्त्राच्या वर्गात जाऊन बसेल का, हे तो नियमाच्या पुस्तकात बघून सांगू शकणार नाही.