दिन्याला आलेला ‘भरपाई’चा मेल

शनिवारी रात्री तलावपाळीवर दिन्या फोन नाचवतच आला. “बघा! डेटा फुटला म्हणून कंपनी भरपाई देतेय. लिंकवर जाऊन खातं पडताळायचं फक्त.”

“दाबलीस लिंक?” वैशाली.

“दाबणारच होतो. नाव, फ्लॅट नंबर, गेल्या महिन्यातली ऑर्डर, सगळं बरोब्बर आहे. चोराला हे कुठून कळणार?”

“अरे, मग फुटलं काय? हेच तर फुटलं ना!”

मंदारला पटेना. “पण कायद्यात अडीचशे कोटींचा दंड आहे म्हणे.”

“२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत आहे. जातो सरकारी तिजोरीत, दिन्याच्या खात्यात नाही,” वैशाली म्हणाली.

“मी बारा वर्षं आयटीत आहे,” दिन्याने छाती काढली.

“आयटीतला म्हणे! अलिबागच्या ट्रिपचा हिशोब अजून देतोयस,” मंदार म्हणाला आणि दहा मिनिटं अलिबागच चाललं. नऊशे रुपये, माझेही आहेत त्यात.

वैशाली बँकेत आहे. पैसे गेलेली माणसं तिच्यासमोर येऊन रडतात. त्यामुळे तिचं मी कान देऊन ऐकतो. ती म्हणाली, मेलमधून कुठे जायचंच नाही. ॲप आपलं आपण उघडायचं, वेबसाइटचा पत्ता आपण टाइप करायचा. बँकांना तर रिझर्व्ह बँकेने आता ‘डॉट बँक डॉट इन’ हे वेगळं शेपूट दिलंय, ते बघायचं. “आणि पासवर्ड बदलता येतो रे. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली, त्यात जन्मतारखाही होत्या. जन्मतारीख कुठून बदलून आणणार? असे मेल दहा वर्षांनीसुद्धा येतील.”

मला आत्या आठवली. अशाच मेलमध्ये तिचे पैसे गेले आणि लाजेपायी दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता, तर पुढच्या खात्यात पैसे अडवता आले असते कदाचित. तिची चूक नव्हती, हे मी तिला अजून सांगत असतो.

“माझा पासवर्ड कुणाच्या बापाला कळणार नाही,” दिन्या म्हणाला.

“स्कूटरचा नंबर!” आम्ही तिघं एका सुरात.

दिन्या फोन घेऊन गुपचूप कठड्याकडे सरकला. मागून मंदार ओरडला, “नवीन गाडीचा टाकू नकोस रे!” चहावाल्या पोऱ्यालाही हसू आवरेना.