‘मॅमोग्राफी नको, इंजेक्शनशिवाय एमआरआय करा’ या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या, किरणांमुळेच स्तनाचा कर्करोग होतो, चुंबकाच्या साह्याने शरीराच्या आतले चित्र घेणाऱ्या एमआरआयमध्ये किरण नसल्याने तेवढाच करावा, त्यातून काहीही सुटत नाही, आणि त्यात दिले जाणारे इंजेक्शन मात्र घेऊ नये, असे तो सांगतो.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, हे खरे. पण दोन्ही स्तनांच्या नेहमीच्या मॅमोग्राफीतील किरणांची मात्रा सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), म्हणजे निसर्गातून दीड-दोन महिन्यांत आपल्याला मिळते तेवढीच असते.

‘काहीही सुटत नाही’ हे मात्र चूक आहे. एमआरआय मॅमोग्राफीपेक्षा अधिक गाठी पकडतो, तरी कर्करोगाच्या अगदी आरंभी दिसू शकणारे चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीतच नीट दिसतात. नेदरलँड्समध्ये अतिघन (चरबी कमी आणि ऊती दाट असलेले) स्तन असलेल्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण एमआरआयसाठी बोलावलेल्या गटात हजारी २.५, तर फक्त मॅमोग्राफी झालेल्या गटात ५ आढळले. पण एमआरआय झालेल्या दर हजार स्त्रियांमागे सुमारे ८० जणींना विनाकारण पुढच्या तपासण्यांना सामोरे जावे लागले. शिवाय या सगळ्या जणींची मॅमोग्राफी आधी झालेलीच होती, हे संदेश लिहिणाऱ्याने सोयीने गाळलेले दिसते.

सर्वांत घातक सल्ला इंजेक्शन टाळण्याचा आहे. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी ज्या नव्या रक्तवाहिन्या तयार करते त्या गळक्या असतात; त्यामुळे इंजेक्शनमधले गॅडोलिनियम या धातूचे, चित्रात उजळ दिसणारे औषध पहिल्या एक-दोन मिनिटांतच तिथे साठते, गाठ उजळते आणि पुष्कळदा तितक्याच लवकर फिकी पडते. हा चढउतार पाहूनच डॉक्टर अंदाज बांधतात. सिलिकॉनचे रोपण फाटले आहे का, एवढेच पाहायचे असेल तर इंजेक्शन लागत नाही. २०१४ साली जर्मनीतून पुढे आलेली, तीन मिनिटांत चित्रण उरकणारी पद्धतही याच औषधावर उभी आहे; पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारे डिफ्यूजन चित्रण निदानाला मोलाची जोड देते, पण आज तरी ते इंजेक्शनची जागा घेत नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास मात्र डॉक्टरांना आधीच सांगावे.

खेड्यातून बेळगावला निघण्यापूर्वी केंद्राला फोन करून स्तनांसाठीची खास कॉइल (स्तनांकडून येणारे संकेत टिपणारा यंत्राचा भाग) आहे का, एवढे विचारावे. या तपासणीत पालथे झोपून दोन्ही स्तन कॉइलच्या पोकळ्यांत सोडावे लागतात, आणि ती नसेल तर तीन टेस्लाचे, म्हणजे अधिक ताकदीच्या चुंबकाचे, यंत्र असूनही उपयोग नाही. पाळी सुरू असणाऱ्या स्त्रियांनी, घाई नसल्यास, पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांतली वेळ मागावी; एरवी निरोगी ऊतीही उजळून वाचन अवघड होते.