सैनिक बिथरवायचे कसे? होतकरू राज्यकर्त्यांसाठी मोफत मार्गदर्शन

समजा तुमच्याकडे एक साम्राज्य आहे. आत्ता नसेल तर उद्या होईल असं धरून चाला, कॉन्फिडन्स महत्त्वाचा. दुसरं महायुद्ध तुम्ही नुकतंच जिंकलंय, २५ लाख हिंदी माणसं तुमच्या गणवेशात फिरून आलीयत आणि तुमची पक्की खात्री आहे की बंदूक आपली, गोळी आपली, म्हणजे ती धरणारा माणूसपण आपलाच. ही खात्री अजिबात सोडू नका. सगळी मजा तिच्यातच आहे. फेब्रुवारी १९४६ मधलं हिंदी नौसैनिकांचं बंड हा तिचाच प्रताप.

सुरुवात भरतीपासून करा. भिंतींवर रंगीत पोस्टरं लावा, समुद्र दाखवा, बोट दाखवा, पांढरा गणवेश दाखवा, युद्धानंतर नोकरीची सोय होईल असं मोघम काहीतरी सुचवा (लेखी नको). मॅट्रिक झालेली, चार इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणारी पोरं येतील. १९३९ ते १९४५ या काळात रॉयल इंडियन नेव्ही अशीच दहापटीहून जास्त फुगली. आणि एकदा आत आली की मग त्यांना हळूहळू कळू द्या की शेजारचा गोरा खलाशी तेच काम करतो पण त्याचा पगार वेगळा, जेवण वेगळं, राहायची जागा वेगळी. युद्ध संपलं की घरी जा म्हणा. पुढचं काय ते त्यांचं ते बघतील.

जेवणाकडे विशेष लक्ष द्या, म्हणजे देऊ नका. डाळीत खडे असले तर असू द्यात. मोठमोठे इतिहासकार राष्ट्रवाद, वर्गसंघर्ष वगैरे लिहितात, तेही खरंच आहे म्हणा, पण १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या एचएमआयएस तलवार या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यातल्या पोरांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर पुढ्यातलं ताट नाकारलं. जेवण नाही तर काम नाही. तुमच्या सुरक्षा खात्याच्या एकाही फायलीत खड्यांची नोंद नसणार, याची मी हमी देतो. आपल्याकडच्या राज्यकर्त्यांनाही हे पूर्वीपासून जमतंय, १७७३ साली शनिवारवाड्यात गारदी घुसले तेही थकलेल्या पगाराची बोंब मारतच घुसले असं सांगतात, त्यामागे कोणाची फूस होती ते राहू दे, पण बोंब मारायला थकबाकी होती ना?

मग वरती एक चांगला अधिकारी नेमा. तलवारवर कमांडर किंग होता. तो पोरांना अशा शिव्या द्यायचा की त्या इथे लिहीत नाही, एकंदरीत त्यांच्या आईबापांचा उद्धार. पोरांनी रीतसर तक्रार केली. इथे तुमच्यातला मुरलेला प्रशासक जागा व्हायला हवा: तक्रार शिव्या देणाऱ्याकडेच परत पाठवा, आणि त्याने तक्रारदारांना खोट्या तक्रारीचे परिणाम काय असतात ते नीट समजावून सांगावं, वर विचार करायला वेळही द्यावा. त्यांनी विचार केला. तुम्हाला अपेक्षित होता तो नाही.

तोवर भिंतीवर 'जय हिंद' आणि 'क्विट इंडिया' दिसायला लागेल. १९४५ च्या १ डिसेंबरला, म्हणजे नेव्ही डेला, पाहुणे यायच्या आधी दिसलं होतंच. २ फेब्रुवारीला खुद्द सरसेनापती ऑकिनलेक यायचे होते, तेव्हा बी. सी. दत्त नावाचा तारायंत्रवाला पकडला गेला, हाताला गोंद लागलेला. पकडल्याचा आनंद जरूर साजरा करा. एक पोरगा, एक गोंदाचा डबा, विषय संपला. लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज, सहगल, ढिल्लों यांच्यावर खटला भरून तुम्ही दोन महिने देशभर ज्यांची फुकट जाहिरात केलीत आणि शिक्षा सुनावून लगेच माफ केलीत, त्याचा याच्याशी काय संबंध!

आणि हो, जानेवारीत तुमच्याच हवाई दलातल्या गोऱ्या कर्मचाऱ्यांनी कराचीपासून ठिकठिकाणी काम बंद केलं होतं, आम्हाला घरी पाठवा म्हणून. तेव्हा समजुतीने घ्या, मोजक्या लोकांवर खटले चालवा आणि बाकीचं विसरा. हिंदी खलाशी हे सगळं बघत असतात पण त्यांना काही कळत नाही असं गृहीत धरा.

आता माझी सगळ्यात आवडती टिप. चिडलेले, शिकलेले, अपमान झालेले सगळे तरुण एकत्र ठेवायचे कुठे? सिग्नल स्कूलमध्ये! तलवार ही संदेशवहनाची शाळा होती. म्हणजे ज्यांना तुम्ही दिवसरात्र शिव्या घातल्यात त्यांच्याच हातात अख्ख्या नौदलाचा वायरलेस. दुसऱ्या दिवशी मुंबई बंदरातली जहाजं, मग कराची, कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणम, ७८ जहाजं, २० ठाणी, वीसेक हजार माणसं. तुम्हाला पत्रक काढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत.

डोलकाठीवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे एकत्र चढले. संप चालवणाऱ्या समितीचा अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. ज्या वर्षी यांच्या पुढाऱ्यांना एका खोलीत बसवताना तुमच्या नाकी नऊ येत होते त्याच वर्षी खाली पोरं एकाच काठीला तीन झेंडे बांधून मोकळी. घाबरायचं असेल तर याला घाबरा, तोफांना नको.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्स या मुंबईतल्या नौदलाच्या बराकीपाशी गोळीबार झाला की नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रेसारखं रेडिओवर जाऊन सांगा की प्रचंड ताकद आमच्या हाताशी आहे आणि वेळ पडली तर हे नौदल नष्ट झालं तरी चालेल. स्वतःचंच नौदल! धमकी द्यावी तर अशी. वरून विमानं फिरवा. याचा परिणाम असा होतो की अपोलो बंदरावर लोक डबे, फळं, पाव घेऊन येतात आणि होड्यांतून जहाजांवर पोचवतात, दुकानदार म्हणतात पाहिजे ते उचला. ज्या पोरांना तुम्ही नीट जेवायला घातलं नाहीत त्यांना आता अख्खी मुंबई जेवायला घालते, तुमच्या नाकासमोर.

२२ ला हरताळ, गिरण्या बंद, परळ-लालबाग रस्त्यावर. आता हिंदी सैनिकावर भरवसा राहिलेला नाही, तेव्हा गोरी पलटण आणि चिलखती गाड्या उतरवा. सरकारी आकडा २२८ मेले, हजारावर जखमी. नौसैनिक मेले ते मोजके, बाकी सगळे रस्त्यावरचे. म्हणजे बंड सैनिकांचं आणि गोळ्या गिरणीवाल्यांना, हे जमायला अनुभव लागतो.

इथपर्यंत तुम्ही मावळते राज्यकर्ते होतात. उगवते असाल तर पुढचं वाचा, खरं मार्गदर्शन तुम्हालाच आहे.

ही पोरं तुमचंच नाव घेत ओरडतायत, तुमचाच झेंडा लावलाय, नेतृत्व करा म्हणून निरोप पाठवतायत. तुम्ही लगेच हुरळू नका. अरुणा असफ अलींसारखे लोक हुरळतील, तुम्ही वल्लभभाईंसारखं वागा: शरण या, कोणावर सूड उगवला जाणार नाही असं बघू. लीगकडूनही तोच सल्ला, म्हणजे बघा एकमत होतं कधीकधी. शहरात शांतता राखायला स. का. पाटील आणि चुंद्रीगर या काँग्रेस-लीगच्या प्रांतिक पुढाऱ्यांसारखे स्वयंसेवक देऊ करा. गांधीजींचा प्रश्न तर बिनतोड होता, नोकरी अपमानाची वाटते तर करता कशाला? आणि सरदारांनी नंतर एका कार्यकर्त्याला पत्रात सरळच लिहिलं की सैन्याच्या शिस्तीशी खेळ नको, स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार आहे. चुकीचं काहीच नाही यात, हाच तर वैताग आहे! वर्षादीड वर्षात हेच घर तुमच्या ताब्यात येणार, मग जुन्या मालकाच्या कुत्र्याने त्याला चावायची सवय लावून घेतली तर उद्या तुमच्या पोटरीचं काय?

२३ ला पोरं शरण आली, काळे झेंडे लावून, आम्ही इंग्रजांना नाही देशाला शरण जातोय म्हणत. मग पकडापकडी, मुलुंडची छावणी, ४७६ जणांना घरचा रस्ता. चौकशीला फझल अली आयोग नेमा, तो सगळं नीट शोधून काढतो, जेवणासकट. आणि स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी ब्रिटिश मंत्र्यांचं शिष्टमंडळ भारतात पाठवायची घोषणा लंडनमध्ये १९ फेब्रुवारीला, म्हणजे संप सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी झाली, तर म्हणा आमचं आधीच ठरलं होतं. ठरलं होतंच, पण ऐकणाऱ्याला ते कधीच पटत नाही.

१५ ऑगस्टनंतर काढून टाकलेल्यांना परत घ्यायचं का? छे. भारतानेही घेतलं नाही, पाकिस्ताननेही नाही, फाळणीत टेबलं-खुर्च्यांवरून भांडलेले दोन देश यावर एकदम एकमत. पुष्कळ वर्षं जाऊ द्यात, शिक्षा भोगलेले म्हातारे झाले की स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता द्या, कुलाब्यात स्मारक उभारा, भाषण करा, आणि नौदलाच्या टग बोटींना त्यांची नावं द्या. खरंच दिलीयत, एक 'मदन सिंग', एक 'बी. सी. दत्त'. मोठ्या युद्धनौकांना धक्क्याला लावायचं काम करतात.