खुलासा: गढूळ एल बिअर म्हणजे नासलेली एल नव्हे

‘छोट्या ब्रुअरीची फिकट एल गढूळ दिसली तर ती नासलेली समजा, परत करा’ असा मेसेज फिरतोय. त्याचं मूळ माझीच जुनी पोस्ट. चूक माझी, म्हणून हा खुलासा.

छोट्या ब्रुअरीत बिअर बऱ्याचदा गाळत नाहीत, यीस्ट तरंगत राहतं. शिवाय थंडीने माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) प्रथिनं आणि पॉलिफिनॉल ही वनस्पतिजन्य द्रव्यं एकमेकांना चिकटतात नि धुरकटपणा येतो. परवा तसाच ग्लास तळहातात धरून बसलो; कोमट होता होता एल निवळली! बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० पैकी दिसण्याला फक्त ३ गुण आहेत. वासाला १२, चवीला २०.

बिघाड नाकाला आधी कळतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ऑक्सिजन लागलाय. लोण्यासारखा आला तर डायअसेटिल, म्हणजे आंबवताना तयार होणारं एक द्रव्य. पण बर्फगार एल हुंगून काही कळायचं नाही, ७ ते १० अंशांवर येऊ द्या. हां, एरवी नितळ असणारी एल गढूळ आणि आंबटही लागली, तर मात्र शंका रास्त.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.